इंटरनेटचे माप : 'अनलिमिटेड' योजनेतील मर्यादा कशी ओळखावी?

कापड मीटरवर विकले जाते, सूत किलोवर, अत्तर तोळ्यावर. माप ठरले की पुढचा व्यवहार सोपा होतो. घरी किंवा कारखान्यात घेतलेल्या ब्रॉडबँड इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपले चोख हिशेबी व्यापारीही माप न विचारता सौदा करतात. आपण महिन्याला किती विकत घेता, असे विचारले तर 'तीसचा प्लॅन आहे' किंवा 'शंभरचा आहे' असे उत्तर मिळते. हा आकडा वेगाचा झाला. त्या वेगाने महिन्याभरात एकूण किती माल उचलता येईल हा दुसरा आकडा असतो आणि तो जाहिरातीत नसतो. तो तळटिपेत, बारीक अक्षरात असतो. महिन्याच्या पंचवीस तारखेला डिझाइनची फाइल सुरतेला पोहोचत नाही, समोरचा व्यापारी फोनवर फोन करतो आणि आपण राउटर बंद-चालू करीत बसतो, तेव्हा पुष्कळदा हा दुसरा आकडा संपलेला असतो.

या दुसऱ्या आकड्याला डेटा मर्यादा म्हणतात. कंपन्यांनी त्याला 'फेअर यूसेज पॉलिसी', म्हणजे रास्त वापराचे धोरण, असे गोड नाव दिले आहे. रास्त किती हे ठरवते मात्र कंपनीच.

वेग वेगळा, प्रमाण वेगळे

यंत्रमागधारकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण वीजबिलात तो दोन्ही गोष्टी दर महिन्याला पाहतो. मंजूर भार किती हॉर्सपॉवरचा, हा एक आकडा. महिन्यात युनिट किती जळाले, हा दुसरा. इंटरनेटचा वेग हा भारासारखा आहे आणि डेटा हा युनिटसारखा आहे.

येथे एक गफलत नेहमी होते. वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा मेगाबाइट किंवा गिगाबाइटमध्ये, म्हणजे आपण ज्याला एमबी आणि जीबी म्हणतो त्यात. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ३० एमबीपीएस वेगाची जोडणी सेकंदाला ३० एमबी नव्हे, तर पावणेचार एमबी देते. तासाचा हिशेब केला तर साडेतेरा जीबी. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने तासभर चालली तर ४५ जीबी उचलते.

आता याला मर्यादेशी ताडून पाहा. १०० एमबीपीएसच्या योजनेत महिन्याची मर्यादा १५० जीबी असेल, तर पूर्ण वेगाने ती तीन तास वीस मिनिटांत संपते. महिन्याचे तास ७२० असतात. अर्थात चोवीस तास पूर्ण वेगाने इंटरनेट कोणीच वापरत नाही, पण विकत घेतलेल्या वेगाचा उपयोग किती वेळ करता येईल हे या भागाकारावरून कळते. वेग वाढला आणि मर्यादा तीच राहिली, तर मोठा नळ लावून टाकी तेवढीच ठेवल्यासारखे होते. महागडा वेग घेण्याआधी हा भागाकार करावा.

मर्यादा खरोखर कशासाठी असते?

कंपन्यांचे म्हणणे असे की काही थोडे ग्राहक प्रचंड डेटा ओढतात, त्यामुळे बाकीच्यांचा वेग कमी होतो. म्हणून मर्यादा हवी. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे.

विजेच्या आणि इंटरनेटच्या युनिटमध्ये एक मूलभूत फरक आहे. विजेचे प्रत्येक युनिट तयार करायला कोळसा जाळावा लागतो. इंटरनेटचे तसे नाही. जमिनीखाली किंवा खांबावरून फायबर टाकली, दोन्ही टोकांना यंत्रे बसवली, की त्या तारेतून दिवसाला एक जीबी गेला काय आणि शंभर गेले काय, तारेचा खर्च तोच. खर्च वाढतो तो गर्दीच्या वेळेला पुरे पडण्यासाठी. रात्री आठ ते अकराच्या दरम्यान गल्लीतील प्रत्येक घरात चित्रफिती चालू असतात. त्या वेळी सर्वांना पुरेल एवढी क्षमता कंपनीला विकत घ्यावी किंवा उभारावी लागते. इंटरनेटची घाऊक खरेदीही याच पद्धतीने होते. मोठ्या घाऊक विक्रेत्याकडून क्षमता घेताना बहुधा दर पाच मिनिटांनी वापर मोजतात, वरचे पाच टक्के आकडे सोडून देतात आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल लावतात. म्हणजे घाऊक बाजारात भाव गर्दीच्या वेगाचा लागतो, महिन्याच्या एकूण जीबीचा नव्हे.

यावरून असे निघते की पहाटे चार वाजता उतरवलेला जीबी कंपनीला जवळजवळ फुकट पडतो आणि रात्री नऊचा जीबी महाग पडतो. महिन्याची मर्यादा मात्र दोन्ही जीबी एकाच मापाने मोजते. गर्दी आवरणे हाच हेतू असता तर मर्यादा वेळेनुसार असती. आपल्याकडे तसे घडलेही आहे. बीएसएनएलच्या जुन्या डेटावन सेवेत काही योजनांना रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत अमर्याद वापर होता. ज्यांना आठवत असेल त्यांना हेही आठवेल की मुले गजर लावून दोन वाजता उठत आणि उतरवणे सुरू करून पुन्हा झोपत. मोठ्या औद्योगिक वीजग्राहकांनाही अनेक वर्षे रात्रीच्या युनिटवर सूट मिळत असे, ती याच तत्त्वावर.

छोट्या केबलवाल्याची अडचण मात्र खरी असते, हे मान्य केले पाहिजे. तो वरच्या कंपनीकडून मोजकी क्षमता घेतो आणि ती शे-दोनशे घरांत वाटतो. एकाच क्षमतेवर किती ग्राहक बसवावेत यासाठी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ मध्ये मार्गदर्शक प्रमाण दिले होते : घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ग्राहकांसाठी एकास तीस. १०० एमबीपीएसच्या एका क्षमतेवर पन्नास घरे असतील आणि सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन एमबीपीएस येतात. एवढ्या दाटीत एखाद्याने दिवसभर चित्रपट उतरवले तर शेजाऱ्याला त्रास होतोच. तेथे काही शिस्त लागते. पण ती शिस्त आणि मोठ्या कंपनीने दरपत्रकाचे टप्पे पाडण्यासाठी घातलेली मर्यादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील अनुभव

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेत मिळतो. तेथील कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये घरगुती ग्राहकांना महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली. २०१२ मध्ये ती धोरण बदलून ३०० जीबीवर गेली, २०१६ मध्ये १ टीबी झाली. टीबी म्हणजे साधारण हजार जीबी. मर्यादा ओलांडली की प्रत्येक ५० जीबीला १० डॉलर, महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर, असा जादा आकार होता.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. शाळा, कचेऱ्या, सारे घरातून चालू लागले. वापर वाढला. गर्दीसाठीच मर्यादा असेल तर ती घट्ट करण्याची वेळ हीच होती. कंपनीने उलट केले : मर्यादा तात्पुरती उठवली. जाळे कोसळले नाही. जुलै २०२० मध्ये मर्यादा परत आली ती १.२ टीबी होऊन. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ईशान्येकडील ज्या राज्यांत व्हेरायझन कंपनीची फायबर सेवा स्पर्धेत होती, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ही टीबीची मर्यादा कधी लागूच झाली नाही. समोर दुसरे दुकान असले की मापात माप राहते, हा बाजाराचा जुना नियम तेथेही दिसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने डेटा मर्यादांची औपचारिक चौकशी सुरू केली आणि जून २०२५ मध्ये कॉमकास्टने आपल्या नव्या योजना अमर्याद डेटाच्या केल्या.

केबल उद्योगाच्या संघटनेचे त्या वेळचे प्रमुख मायकेल पॉवेल यांनी २०१३ मध्येच सांगून टाकले होते की या मर्यादांचा मुख्य हेतू गर्दी आवरणे हा नाही. जाळे उभारण्याचा मोठा खर्च ग्राहकांत कसा वाटायचा, हा प्रश्न आहे. पॉवेल हे पूर्वी त्याच दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष होते, म्हणून त्यांच्या या बोलण्याला वजन आहे. भाव कसा लावावा हा विक्रेत्याचा अधिकार आहे, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग, यात अन्याय नाही. आक्षेप एवढाच की भावाला तांत्रिक टंचाईचे नाव देऊ नये आणि माप लपवू नये.

आपल्याकडे काय घडले?

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सुरू केले तेव्हा माप तासांचे होते. ब्रॉडबँड आले तेव्हा माप एमबीचे झाले. सुरुवातीच्या योजनांत मर्यादेपलीकडे एका एमबीला रुपयाच्या आसपास आकार होता. म्हणजे एक जीबी जादा गेला की हजाराच्या घरात बिल. पाचशेची योजना घेऊन पाच हजारांचे बिल आलेली घरे तेव्हा प्रत्येक मोहल्ल्यात सापडत, कारण संगणक रात्रभर चालू राहिला किंवा त्यात व्हायरस शिरला तरी मीटर पळतच राही.

पुढे जादा आकाराची जागा मंद वेगाने घेतली. मर्यादा संपली की बिल वाढत नाही, वेग पडतो. हे ग्राहकाच्या दृष्टीने पुष्कळ बरे झाले. निदान बिलाचा धक्का गेला. पण कंपन्या वेग किती पाडत? काही योजनांत इतका की चित्र उघडायलाही मिनिटे लागत. तरीही योजनेचे नाव 'अनलिमिटेड'च. शेवटी ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्देश काढला. मर्यादा किती आणि त्यानंतरचा वेग किती हे कंपनीने उघड सांगावे. वापर ५०, ९० आणि १०० टक्के झाला की ग्राहकाला सूचना द्यावी. आणि तारेच्या ब्रॉडबँडचा उतरवण्याचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये. ५१२ हा आकडा आला तो ब्रॉडबँडच्या तेव्हाच्या व्याख्येतून. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ मध्ये ते ५१२ झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये व्याख्या २ एमबीपीएसवर नेण्यात आली.

मर्यादा ही टंचाईची नसून भावाची बाब आहे, हे आपल्याकडेही एका वर्षात दिसून आले. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची सेवा सुरू झाली तेव्हा ६९९ रुपयांच्या योजनेत १०० जीबी, आणि सुरुवातीच्या काळापुरते वरचे ५० जीबी, एवढीच मर्यादा होती. त्यानंतर वेग १ एमबीपीएस. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीने ३९९ रुपयांपासून 'अमर्याद' योजना आणल्या. त्या महिन्यातच एअरटेलनेही ४९९ पासून तसेच केले. तार तीच, खांब तेच. जे वर्षापूर्वी दीडशे जीबीवर थांबत होते ते ३,३०० जीबीपर्यंत, म्हणजे बावीस पटीने, वाढले. कारण 'अमर्याद' या शब्दाखालीही ३,३०० जीबीची तळटीप होती आणि हाच आकडा पुढे अनेक कंपन्यांच्या घरगुती योजनांत दिसत आला आहे.

३,३०० जीबी हा आकडा साध्या कुटुंबाला मोठा आहे. ३० एमबीपीएसच्या जोडणीने तो गाठायला सतत दहा दिवस पूर्ण वेगाने चालवावे लागेल. त्यामुळे फायबर असलेल्या घरगुती ग्राहकाने मर्यादेची चिंता करण्याचे आता फारसे कारण नाही, असे मला वाटते. चिंता तीन ठिकाणी उरते. पहिले, केबलवाल्याच्या तोंडी योजना, ज्यांत मर्यादेचा आकडा कोठेच लिहिलेला नसतो. दुसरे, हवेतून येणारे इंटरनेट. २०२३ मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी ५जीच्या टॉवरवरून घरात ब्रॉडबँड देणारे एअरफायबर आणले. जुन्या वस्त्यांतील अरुंद गल्ल्यांत जेथे फायबर पोहोचत नाही तेथे ते सोयीचे आहे. पण सुरुवातीच्या योजनांत त्याची मर्यादा १ टीबीच होती, म्हणजे फायबरच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. यात तांत्रिक कारणही आहे, कारण टॉवरची क्षमता परिसरातील सर्व मोबाइलवाल्यांत वाटली जाते. आणि तिसरे, घरगुती जोडणीवर धंदा चालवणारे आपण लोक.

कारागिराच्या घराचा हिशेब

मालेगाव किंवा भिवंडीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणू. वर कुटुंब, खाली कारखाना, एकच इंटरनेट. घरात चार मोबाइल आहेत. प्रत्येकाचे वाय-फायवर दिवसाला दीड जीबी धरू. महिन्याचे १८० जीबी झाले. टीव्हीवर रोज दोन तास स्वच्छ चित्राचे कार्यक्रम. अशा चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, म्हणजे आणखी १८०. मुलाची शिकवणी व्हिडिओवर, महिन्याचे पंचवीस तास, साधारण २५ जीबी.

धंद्याचा भाग पाहू. येथे लोकांचा अंदाज नेहमी चुकतो. यूपीआयचे व्यवहार, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे काम, व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी हे सर्व मिळून महिन्याला दोन-चार जीबीतच बसते. भरतकामाच्या संगणकीय यंत्राला लागणारी डीएसटी फाइल तर इतकी लहान असते की दिवसाला पन्नास पाठवल्या तरी मोजायला नको. ती टाक्यांची यादी असते, चित्र नव्हे. छपाईच्या डिझाइनची फाइल मात्र जड. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद नक्षी ३०० डीपीआयला, न दाबता ठेवली तर सुमारे ४२० एमबी होते. दिवसाला अशा पाच फायली, शुक्रवार सोडून महिन्याचे सव्वीस दिवस. ५५ जीबी झाले. घर आणि धंदा मिळून आतापर्यंत ४४० जीबी. फायबरला काहीच नाही, एअरफायबरलाही अर्ध्याच्या आत.

आता कारखान्यात चार कॅमेरे लावले आणि विकणाऱ्याने चित्रण 'क्लाउड'वर ठेवण्याची सोय करून दिली असे समजा. क्लाउडवर म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर, इंटरनेटवरून सतत पाठवून. एक कॅमेरा साधारण १ ते २ मेगाबिट वेगाने चित्र पाठवतो. १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी, दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला ३२४ जीबी. चार कॅमेऱ्यांचे १,२९६ जीबी. २ मेगाबिटचे असतील तर २,५९२. घरातील चार माणसे, टीव्ही, शिकवणी आणि डिझाइनचा पूर्ण धंदा मिळून जेवढे वापरतात त्याच्या तिप्पट ते सहापट डेटा भिंतीवरचे चार कॅमेरे गिळतात. एअरफायबरची टीबी तर कॅमेऱ्यांनाच पुरत नाही, आणि २ मेगाबिटचे कॅमेरे असतील तर घराचे ४४० मिळवून फायबरचीही मर्यादा दिसू लागते.

आणि मर्यादा संपल्यावर काय होते ते पाहा. ४२० एमबीची तीच फाइल ३० एमबीपीएसच्या जोडणीने दोन मिनिटांच्या आत जाते. वेग १ एमबीपीएसवर आला की तिला ५६ मिनिटे लागतात, ५१२ केबीपीएसवर पावणेदोन तासांहून अधिक. पण एवढ्यावर भागत नाही. चार कॅमेऱ्यांची भूक त्या वेळीही चार मेगाबिटचीच असते. मंद झालेली सारी जोडणी तेच अडवून बसतात आणि फाइल जागची हलत नाही. दोष डिझाइनरचा निघतो, कधी सुरतेच्या व्यापाऱ्याचा निघतो, राउटर बदलला जातो. कॅमेऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उपाय स्वस्त आहे. चित्रण कारखान्यातच डीव्हीआर किंवा एनव्हीआरच्या हार्ड डिस्कवर साठवावे. कॅमेरे आणि डिस्क एकाच जागी असल्यास इंटरनेटचा एक कणही खर्च होत नाही. घरून मोबाइलवर पाहाल तेवढ्या वेळापुरताच डेटा जातो. चोर डिस्कच उचलून नेईल अशी भीती असेल तर ती कुलपात ठेवावी, किंवा फक्त हालचाल झाल्यावर क्लाउडवर पाठवण्याची सोय चालू करावी. रात्री बंद असलेल्या गाळ्यात हालचाल ती कितीशी असणार!

बाकीची गळती लहान, पण सतत चालणारी असते. व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज व्हिडिओसकट चढत असेल तर तो व्हिडिओ वगळून आठवड्यातून एकदा ठेवावा. काही योजनांत चढवलेला डेटाही मर्यादेत मोजला जातो, हे विचारून घ्यावे. वाय-फायचा पासवर्ड कारागिरांना, गिऱ्हाइकांना आणि शेजाऱ्यांना दिलेला असेल तर महिन्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्या जोडणीवरून दुसऱ्याने काही गैर केले तर चौकशी प्रथम आपल्या दारी येते. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय करता येते. ते करावे आणि पासवर्ड दर महिन्याला बदलावा.

सौदा करताना

जोडणी घेण्याआधी कंपनीच्या माणसाला किंवा केबलवाल्याला विचारावे की मर्यादा किती जीबीची आहे, ती संपल्यावर वेग किती राहील, चढवण्याचा वेग उतरवण्याएवढाच आहे की कमी, आणि महिना कोणत्या तारखेला सुरू होतो. उत्तर तोंडी घेऊ नये. व्हॉट्सॲपवर लिहून मागितले तरी चालेल, तोही लेख आहे. डिझाइन पाठवणाऱ्याला चढवण्याचा वेग सर्वांत महत्त्वाचा, पण जाहिरातीत बहुधा उतरवण्याचाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. केबलवाल्याला तो कोणत्या परवानाधारक कंपनीच्या वतीने इंटरनेट देतो हेही विचारावे. इंटरनेट सेवेचे परवाने राष्ट्रीय, परिमंडळ आणि जिल्हा पातळीचे असतात. त्यांपैकी एखादी कंपनी त्याच्या मागे असलीच पाहिजे. पावतीवर तिचे नाव नसेल तर तक्रार करायची वेळ आल्यावर दार कोणाचे ठोठवणार?

जाहिरातीतील भाव बहुधा करावाचून असतो. १८ टक्के जीएसटी मिळवून ३९९ चे ४७१ होतात. नियमित पद्धतीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेतले तर धंद्यासाठी वापरलेल्या भागापुरती या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. घरगुती योजनेच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई असू शकते, तेही वाचावे. वापर मोठा असेल तर व्यावसायिक योजना महाग दिसली तरी परवडते, कारण तेथे ग्राहकांची दाटी कमी असते आणि बिघाड दुरुस्तीला अग्रक्रम मिळतो.

जोडणी आल्यावर पहिले दोन महिने कंपनीच्या ॲपमध्ये वापराचा आकडा दर जुम्याला वहीत उतरवून ठेवावा. चार आकडे झाले की कोणत्या आठवड्यात उडी आली ते दिसते. वेग अचानक पडला तर प्रथम वापर पाहावा, मग वेगाची चाचणी मोबाइलवर नव्हे तर राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर घ्यावी आणि दोन्हींचे चित्र जपून ठेवावे.

मर्यादा संपलेली नसताना वेग पाडला, किंवा सूचना न देता पाडला, तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. क्रमांकाशिवाय तक्रार झालीच नाही असे समजावे. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तेथे अर्ज पाठवून वाट पाहत बसू नये. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असे कंपन्या पूर्वी सांगत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन-आयडियाच्या प्रकरणात तो मुद्दा निकाली काढला असून जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. तेथे जाताना बिले, वापराची चित्रे, तक्रारीचा क्रमांक आणि मर्यादेविषयीचे ते लेखी उत्तर बरोबर न्यावे.